मोडीत आलेला यवन राजा

नाणी मी घासली. चिंचेचा कोळ, राख आणि विटकरीची पूड लावून घासली, आणि उद्या पुन्हा हातात आली तर पुन्हा घाशीन. हैदराबादच्या मोठ्या साहेबांनी त्यावर दोन पानं भरून राग काढला, तरी माझं मत हेच. तांबं असो, पितळ असो की कासं, कासाराच्या घरातून हिरवी कळक लागलेली चीज बाहेर जात नाही. माझ्या आज्यानं कधी दिली नाही, बापानं दिली नाही, आणि मी, उत्तरेश्वर कासार, मीही देणार नाही. कळक दोन हजार वर्षांची असली म्हणून काय तिची आरती करायची?

आता पहिल्यापासून सांगतो, कारण आमच्या शिरूरच्या बाजारात या प्रकरणाची सतरा रूपं फिरताहेत. सोळा रूपांत मी गाढव आहे, आणि सतराव्यात मी काढलेला घोडा. तेव्हा खरं काय ते माझ्याच तोंडून ऐका.

आमचा धंदा मोडीवर चालतो. बाई फुटका तांब्या, चेपलेली परात, कान तुटलेली कढई घेऊन येते. आम्ही ती मोड तराजूत टाकतो, नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करतो, आणि मोड मुशीत जाऊन वितळते. यात एक रिवाज आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण कासाराच्या पोराला मुळाक्षरांच्या आधी शिकवतात. मोड कुणाची, हे सांगायचं नाही. कारण आणलेलं भांडं दर वेळी फुटकंच असतं असं नाही. साल वाईट आलं की बायका चांगला धडधाकट हंडा घरीच दगडानं चेपतात, फुटका दिसावा म्हणून, आणि पदराखाली घालून आणतात. कासारानं ती चेप ओळखायची आणि तोंड बंद ठेवायचं. शिरूरच्या कुठल्या मोठ्या घरातलं बारशाचं घंगाळं माझ्या मुशीत गेलं, हे मी आज बोललो तर चार सोयरिकी मोडतील. बोलत नाही.

तर फसली तेराशे एकोणतीस साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या सुमाराचं; राज्य हैदराबादचं. बाजाराचा दिवस होता. बायनाबाई आली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मूल नाही, सिंदफणेच्या काठाला दोन एकर वावर, तेवढाच आधार. आणि ते वावर कधी एकदा गिळतो म्हणून टपलेला दीर, अर्जुनराव पाटील. पाटील म्हणजे सरकारी माणूस. चावडीच्या ओट्यावर बसून तपकीर ओढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचं, "बाईमाणसाला वावर कशाला बे? तिला भाकर काय आमी न्हाई देणार?" अशी ती बाई वर्षानुवर्षं एकटी खुरपत होती.

तिनं पदर सोडून तराजूत एक फुटका तांब्या टाकला, आणि वर सात चौकोनी तुकडे.

"कासारदादा, हे बी घ्या. तांबं हाय न्हवं?"

"तांबं न्हाई बाई, कासं हाय. कुठलं?" मी विचारून चुकलो. विचारायचं नसतं.

"खुरपताना गवसलं, नदीकडंच्या बांधाला. कुणाला बोलू नका दादा. भाऊजींच्या कानावर गेलं तर वावरात काय गवसलं काय गवसलं म्हणून मलाच भाईर काढतील."

"आमच्यात बोलत न्हाईत," मी म्हणालो. ती नवा तांब्या घेऊन गेली. त्या वेळी माझ्या मनात काही वाकडं नव्हतं, हे कालिकेच्या पायावर हात ठेवून सांगतो.

चूक झाली ती अशी की मी ते तुकडे मुशीत टाकले नाहीत. त्या हिरव्या थराखाली काहीतरी उमटलेलं दिसत होतं. म्हणून घासले. आणि घासल्यावर मी जो बसलो तो उठेना. एका बाजूला माणसाचं मुंडकं, डोक्यावर लोखंडी टोप, आणि टोपाला बैलाचा कान नि शिंग. दुसऱ्या बाजूला दोन घोडेस्वार, भाले रोखून निघालेले. अंगठ्याच्या पेराएवढी जागा ती काय, पण घोड्यांच्या मानेचा ताठा दिसत होता, उचललेले पुढचे पाय दिसत होते. मी वीस वर्षं भांड्यांवर नावं घालतो. छिन्नीनं पोपट काढतो, वेल काढतो, माझ्या पोपटाला पाटोद्यापर्यंत मागणी आहे. तरी ते घोडे पाहून माझा हात आपसूक मागं गेला.

माझी बायको कौशल्याबाई आली, पाहिलं आणि हळदीकुंकू घेऊन आली.

"खंडोबा हाय," ती म्हणाली.

"अगं, दोन खंडोबा?"

"एक खंडोबा, एक त्याचा परधान."

"आणि मागं हा बैलाच्या कानाचा?"

"तो मणी दैत्य." कौशल्याबाईला उत्तर सुचलं नाही असं आमच्या लग्नापासून झालेलं नाही. दुपारपर्यंत गल्लीतल्या पाच बायका फुलं वाहून गेल्या.

संध्याकाळी चुलतभाऊ पंडित आला. चुलतभाऊ म्हणजे समोरचं दुकान. त्याहून जास्त ओळख करून द्यायची गरज नाही. त्यानं एक नाणं दाताखाली धरलं, दगडावर वाजवलं आणि म्हणाला, "कासं अस्सल हाय. घुंगरं कर. तमाशावाल्या लई मागतात." गावच्या कुलकर्ण्यांनी अक्षरं मोडी समजून वाचायला घेतली, नाणं उलटं धरलं, आडवं धरलं, आणि शेवटी "लिहिणाऱ्याला ऱ्हस्वदीर्घ येत नाही" असा निकाल देऊन चहा पिऊन गेले.

खरं वाचलं ते मोहनराव मास्तरांनी, म्हणजे त्यांनी वाचवून घेतलं. शाळेतले मास्तर. त्यांचे मेहुणे नगरला पाद्र्याच्या शाळेत होते. मास्तरांनी अक्षरं कागदावर उतरवून पाठवली. महिन्यानं कार्ड आलं. हा यवन, म्हणजे ग्रीक राजा, नाव युक्रातिदेस, सिकंदराच्या मागून काबूलच्या पलीकडं राज्य करणाऱ्यांपैकी. एका बाजूची अक्षरं यवनांची, दुसऱ्या बाजूची तिथल्या रयतेची, उजवीकडून डावीकडं वाचायची. दोन्हीकडं एकच मजकूर, थोर राजाचं नाणं म्हणून. मला हा राजा आवडला. आपल्या भाषेत लिहिलं, आणि रयतेला कळावं म्हणून रयतेच्या भाषेतही लिहिलं. आमच्याकडं सरकारी कागद येतो तो उर्दूत, आणि तो घेऊन आम्ही तीन दिवस वाचणारा शोधत फिरतो.

"पण हा इथं शिरूरला काय करतो?" मी विचारलं.

"व्यापार! पैठण काय लांब आहे? भडोच बंदराला यवनांची जहाजं लागायची, तिथून बैलांवर माल पैठणला. वाटेत एखाद्याची पिशवी फाटली असेल," मास्तर म्हणाले.

इथं माझ्या डोक्यात किडा शिरला. कबूल करतो, किडा माझाच होता, कुणी सोडला नव्हता. मला वाटलं, हैदराबादहून एक सनद मिळवावी की ही पुराणी नाणी शिरूरच्या उत्तरेश्वर कासारानं ओळखली. ती दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावावी, आणि समोरून पंडितनं ती रोज सकाळी पहावी. बस्, एवढंच. कोणाचं नाव नाही, गाव नाही, नुसती नाणी दाखवायची. बायनाबाईचा यात संबंधच काय?

तालुक्याला गेलो. अर्ज उर्दूत द्यावा लागतो, म्हणून कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाला गाठलं. म्हटलं, लिहा, मोडीत सात जुनी नाणी आली आहेत, हुजुरांनी पहावीत. त्यानं लेखणी कानावर ठेवली आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"कासारबुवा, सात नाण्यांचा अर्ज चपराशाच्या खिशापलीकडं जात नाही. मजमून वजनदार पाहिजे."

"मग घाला वजन," मी म्हणालो. आयुष्यभर तराजू हातात धरलेला माणूस मी, पण त्या दिवशी वजन दुसऱ्याला घालायला सांगितलं. त्यानं दोन कागद भरून मजमून लिहिला. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण दिसायला सुरेख होता. खाली मी मोडीत सही ठोकली आणि वर त्याला भजी खाऊ घातली.

बाराव्या दिवशी दुकानापुढं तालुका कचेरीचे पेशकारसाहेब, पोलिसांचे अमीन आणि चार जवान उभे राहिले. त्या पाजी अर्जनवीसानं लिहिलं होतं की, गुलामाच्या हाती कदीम बादशहांचा खजिना लागला असून तो हुजुरांच्या कदमांवर ठेवण्यास गुलाम बेचैन आहे. जवानांनी मला बेचैन व्हायलाही सवड दिली नाही. दुकानाची जमीन उकरली, भट्टी उकरली, कोळशाची रास उलटीपालटी केली. त्यात निघाल्या आज्याच्या वेळच्या दोन फुटक्या मुशी आणि कौशल्याबाईनं माझ्यापासून लपवलेली गुळाची ढेप. गुळाची चौकशी मी मागाहून केली, ती वेगळी गोष्ट आहे.

मला चावडीवर नेलं. निम्मा गाव आधीच तिथं. अर्जुनराव पाटील ओट्यावर, तपकिरीची डबी हातात, कान टवकारलेले.

"खजाना किधर है?" पेशकारांनी विचारलं.

मी सात नाणी पुढं ठेवली.

"बस? इत्ताच?" त्यांनी एक उचलून उजेडात धरलं. "ये तो नवे कोरे हैं. कल के बनाये सो."

"घासलीत, हुजूर."

"दो हजार बरस का सिक्का ऐसा चमकता?"

"आमच्याकडं चमकतं!" मी म्हणालो, आणि माझा आवाज जरा चढला. अहो, घासलेल्या भांड्याबद्दल कासाराला आजवर कुणी शिवी दिली नव्हती.

मग पेशकारांनी मला कायदा समजावून सांगितला. नाणी जुनी असतील तर तो दफीना. जमिनीत पुरलेलं जे निघतं ते सरकारचं. कुणाच्या जमिनीतून निघालं ते सांगायचं, ती जमीन सरकार ताब्यात घेऊन उकरणार. नाणी नवी असतील तर तो जाली सिक्का. टांकसाळीबाहेर नाणं पाडलं म्हणून मला कैद. जुनी की नवी, ते मीच ठरवायचं. सरकारची एवढी मेहेरबानी होती.

"हुजूर," मी म्हणालो, "खोटं नाणं बाजारात चालवायला पाडतात. हा चौकोनी तुकडा घेऊन मला मेथीची जुडी कोण देईल? दोन हजार वर्षांमागं मेलेल्या राजाचं नाणं पाडून मी फसवणार कुणाला, त्याच्या विधवेला?"

पेशकारांनी लेखणी थांबवली. "बेवा का नाम?"

लोक हसले, पण माझं हसू तिथंच सुकलं. कारण पाटील ओट्यावरून उतरून जवळ आला होता.

"सांग की उत्तरेश्वरा," तो अगदी प्रेमानं म्हणाला, "मोड कुणाची व्हती? नदीकाठची आसंल. वावराचं नाव घे अन् मोकळा हो. वावर सरकार मागंल, तर देखरेखीला आमी हावच."

आणि मला सगळं एकदम दिसलं. त्याला वास लागला होता. मी नाव घेतलं की वावर सरकारात जमा, देखरेख पाटलाची, आणि एकदा त्याच्या देखरेखीखाली गेलेली वस्तू परत आल्याचं शिरूरमध्ये कुणाला आठवत नाही. ती बाई कुठं जाणार? आणि हे कुणी केलं? मी. एका सनदेपायी. पंडितनं भिंतीकडं पहावं म्हणून. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना आजार आहे.

"कुणाची न्हाई!" मी ओरडलो. "नाणी मीच पाडली!"

पेशकारसुद्धा दचकले. त्यांच्या नोकरीत इतक्या जोरात गुन्हा कबूल करणारा बहुधा मीच पहिला. नाणी लाखेच्या मोहोरेनं बंद झाली, माझा मुचलका लिहून घेतला, आणि ठरलं असं की पुढल्या बाजारी तहसीलदारसाहेबांचा दौरा आहे, तेव्हा मुलजिमानं, म्हणजे मी आरोपीनं, त्यांच्यासमोर असंच नाणं पाडून दाखवावं. असल नाणं समोर मिळणार नाही. ज्यानं सात पाडली त्याला आठवं आठवणीनं पाडता आलं पाहिजे.

घरी कौशल्याबाईनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"खोटंच बोलायचं व्हतं, तर 'वाटसरानं दिली' म्हणायचं. सवताच्या गळ्यात काहून बांधून घेतली?"

हे मला सुचलंच नव्हतं. तिला सुचतं, पण ती चावडीवर नसते, आणि मी असतो, ही आमच्या संसारातली मोठी अडचण आहे.

"आता एक करा," ती म्हणाली, "मुद्दाम वंगाळ करा. हात थरथरू द्या. म्हंजे कळंल त्यास्नी की हे काम तुमचं न्हाई."

पंडितचाही हाच सल्ला, फक्त त्याची बोलण्याची तऱ्हा वेगळी: "मुद्दाम कशाला? नेहमीसारखं कर."

पण घोटाळा नीट पहा. मी वाईट नाणं पाडलं, तर नाणी माझी नाहीत हे ठरलं; मग पुन्हा तोच सवाल, मोड कुणाची? बाईचं वावर वाचवायचं तर मला तो घोडा हुबेहूब जमायला हवा होता, आणि हुबेहूब जमला की मी तुरुंगात. आजवर सगळे मुलजिम सुटायला धडपडले असतील. मी एकटाच चार दिवस कैदेसाठी जिवाचं रान करत होतो. जेवण गोड लागेना. ठशाचं लोखंड तासलं, सपाट केलं, कोळशानं घोडे काढले, पुसले, पुन्हा काढले. गल्लीत टांगा उभा राहिला की मी धावत जाऊन घोड्याच्या मानेकडं बघत बसायचो. टांगेवाल्यानं शेवटी विचारलं, "कासारमामू, लेना है क्या?"

बाजाराचा दिवस उजाडला. चावडीपुढं लिंबाखाली तहसीलदारसाहेबांचं टेबल मांडलं. भाजीवाल्या बायकासुद्धा पाट्या उचलून तिकडंच सरकल्या. माझी भट्टी पेटली, भाता चालला, तांबं नि कथील मुशीत उतरलं. तुकडे ओतले, गार झाले. मी ठशावर शेवटची छिन्नी मारायला बसलो. मुंडक्याची बाजू झकास साधली. टोप आला, शिंग आलं, बैलाचा कान तर असा आला की गर्दीतून "वा!" निघाली. माझी छाती फुगली. क्षणभर मी विसरलोच की ही वाहवा मला तुरुंगाकडं नेतेय.

मग घोडे. काय सांगू. पहिल्या घोड्याचे चार पाय आले, पण पोट खाली गेलं. मान ताठ करायला गेलो तर ती लांब झाली. वरचा स्वार धान्याच्या पोत्यासारखा बसला. दुसऱ्या घोड्याला जागाच उरली नाही, म्हणून त्याची नुसती मागची बाजू आली. मी हातोडा मारला, तुकडा पाण्यात विझवला आणि टेबलावर ठेवला.

पहिला आवाज मागून आला. "गाढव हाय बे!"

"गाढवाला एवढं पोट? गाभण शेळी हाय."

मग जो हशा उठला तो उठला. माझा पोपट ज्यांच्या हंड्यावर आहे त्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. पंडित तर हसतही नव्हता, नुसता मान हलवत होता, आणि ते जास्त झोंबलं.

तहसीलदारसाहेबांनी मोहोर फोडली. असल नाणं आणि माझं, दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून बराच वेळ पाहिलं. माणूस सभ्य. हसले नाहीत.

"उस्ताद, तुम्हारा घोडा बीमार है क्या?"

"त्या दिवशी हात बरा होता, हुजूर."

"सातों दफा?"

साहेबांनी नाणं खाली ठेवलं. ते मराठी चांगलं बोलत. हळूच म्हणाले, "हे नाणं तुम्ही पाडलेलं नाही. ज्यानं हे घोडे काढले तो कारागीर मातीत मिळून हजारो वर्षं झाली. आता सांगा, ही मोड कुणाची? नाव सांगा, मी कागदावर तुमच्याबद्दल वाईट एक शब्द लिहिणार नाही. अब्रूनं घरी जा."

पाटील पुढं वाकला. आणि त्याच्या खांद्यावरून मला बायनाबाई दिसली. कांद्याची पाटी पुढ्यात, दोन्ही हात पाटीच्या काठावर घट्ट. सगळा बाजार हसत होता, ती एकटी हसत नव्हती. माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"काबुली होता, हुजूर," मी म्हणालो. "हिंग विकणारा. ही मोड टाकून लोटा घेऊन गेला. नाणी त्याच्याच मुलखाची आहेत, मास्तरांकडं नगरचं कार्ड आहे. जमिनीतून काही निघालेलं नाही."

मोहनराव मास्तरांनी टोपी सावरून कार्ड पुढं केलं. साहेबांनी वाचलं, मान डोलावली.

"काबूलचं नाणं, काबुल्यानं आणलं. ठीक. मग मीच पाडली असं का म्हणालात?"

हा सवाल येणार हे मला ठाऊक होतं, आणि त्याला एकच उत्तर होतं जे कुणालाही पटेल. पण समोर पंडित उभा. वीस वर्षं मी त्याला सांगत आलो होतो की अख्ख्या जिल्ह्यात छिन्नी धरावी तर उत्तरेश्वरानं.

"शेखी, हुजूर," मी म्हणालो. "नाव व्हावं म्हणून. समोरच्या दुकानापेक्षा मोठा कारागीर म्हणवून घ्यायचं होतं."

"आणि हे काम?"

"येत नाही."

पेशकारांनी लिहायला घेतलं. मुलजिम खोटारडा, शेखीखोर, आणि कारागीर म्हणून... इथं ते थांबले. त्यांनाही बहुधा वाईट वाटलं. सात पिढ्यांची कारागिरी असलेलं घराणं, एका शब्दात काय लिहावं?

"नालायक लिहा!" मी म्हणालो. "ठळक लिहा. वाचून दाखवा, मागच्या लोकांना ऐकू गेलं नसेल."

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. बेगुन्हा सुटलो. पाटलानं डबी खिशात टाकली आणि पाय आपटत घरी गेला. त्याचं ते जाणं पाहायला मिळालं म्हणून मी आणखी चार शिव्या खुशीनं लिहून घेतल्या असत्या.

नाणी हैदराबादला गेली. तिथल्या मोठ्या साहेबांनी ती अस्सल यवन राजाचीच ठरवली, आणि ज्या अडाण्यानं ती घासली त्याच्या नावानं दोन पानं खर्ची घातली. मास्तरांनी मला ती वाचून दाखवली. माझं उत्तर मी वर दिलेलंच आहे.

पुढचे तीन आठवडे गावानं मला सोडलं नाही. दुकानासमोरून जाताना चांगली पोक्त माणसं खिंकाळायची. पंडितनं निरोप पाठवला, नावं घालायचं काम त्याच्याकडं धाडावं, तो सांभाळून घेईल. कौशल्याबाईनं त्या निरोप्याला असं काही ऐकवलं की तो वहाणा विसरून गेला. मी दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही. रोज सकाळी फळ्या काढायचो, गादीवर मांडी घालून रस्त्याकडं तोंड करून बसायचो. खिंकाळा म्हटलं, किती खिंकाळता ते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी भर बाजारात बायनाबाई आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. समोर पंडितच्या ओट्यावर अर्जुनराव पाटील चहा पीत बसलेला. मला वाटलं, ही आता डोळ्यांत पाणी आणून काहीतरी बोलेल आणि केलेलं सगळं मातीत घालील. मी मान खाली घातली.

"काय वं कासारदादा," ती एवढ्यानं बोलली की वेशीपर्यंत गेलं, "ते घोडं व्हतं का काय व्हतं वं? माझं रेडकू बरं त्याच्यापरीस! लाज कशी न्हाई वाटली साहेबाम्होरं ठिवायला?"

लोक हसले. पाटीलही हसला. माझ्या टाळूपर्यंत राग चढला आणि मला तो गिळावा लागला. बाई हुशार, म्हणून मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

तिनं कांद्याच्या पैशातून हंडा निवडला. तीन वेळा वाजवून पाहिला, दोनदा भाव पाडला, एकदा उठून पंडितच्या दुकानाकडं निघाल्याचं सोंग केलं. मग हंडा माझ्यापुढं ठेवला.

"नाव घाला."

आमच्याकडं हंड्यावर घरच्या कर्त्या पुरुषाचं नाव घालतात. तिच्या घरचा कर्ता म्हणजे आता समोर बशीतून चहा ओढत होता. मी छिन्नी उचलली आणि विचारलं, "कुणाचं घालू?"

"माझंच घाला," ती म्हणाली, त्याच आवाजात. "वावर माझं हाय, हंडा बी माझाच."

पाटलाची बशी तोंडाशीच राहिली. मी हंडा मांडीवर घेतला. एरवी मी नाव काठाखाली बारीक घालतो. त्या दिवशी पोटावर घातलं, बोटभर उंचीच्या अक्षरांत, समोरच्या ओट्यावरून वाचता यावं असं.